शिरसाठ, शिरसाट, सिरसाठ… एकच घराणं कसं ओळखायचं?

निफाडकर: आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर 'शिरसाठ', सातबाऱ्यावर 'शिरसाट', एका जुन्या नोंदीत 'शिरसाथ'. पणजोबांच्या मागे काहीच लागत नाही. मूळ गाव निफाड तालुक्यात. सुरुवात कुठून करावी?

गोदाकाठ: आडनाव सोडा, जमीन धरा. सातबाऱ्यावर वर्तुळात फेरफार (हक्कबदलाच्या नोंदी) क्रमांक असतात. त्यातला वारसाचा फेरफार काढा. मयत कोण, वारस कोण हे त्यात मिळतं. मग त्याच्या मागचा. एकत्रीकरणात, म्हणजे विखुरलेले तुकडे एकत्र करताना, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आला, तिथे बऱ्याच जणांचा धागा तुटतो. जुना नंबर भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाच्या उताऱ्यावर पाहून घ्या. 'शिरसाथ' बहुधा इंग्रजीतल्या टी-एचमुळे आला असावा. मराठीत परत लिहिताना ठ चा थ होतो.

मोडीवाचक: त्याही मागे जायचं तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक. जन्ममृत्यूच्या नोंदी त्यात असतात आणि जुन्या नोंदी पुष्कळदा मोडीत. तिथे आडनाव शोधत बसू नका, अनेकदा ते नसतंच. 'लखू बिन धोंडी' असं असतं: बिन म्हणजे मुलगा, कोम म्हणजे बायको. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, म्हणून 'शि' की 'शी' यावर वेळ घालवू नये. शब्दही न तोडता लिहिलेले, त्यामुळे बापाचं नाव आणि जात एकत्र वाचली जाते. इसवी सन काढायला, साल फसली (जुनं महसुली साल) असेल तर 590 मिळवा, शके असेल तर 78 (जानेवारी ते पाडवा 79).

पंचवटीकर: नाशिकच्या रामकुंडावर तीर्थोपाध्यायांच्या (तिथले पुरोहित) वंशावळीच्या वह्या जरूर बघा. जाताना हल्लीचा पत्ता नको, मूळ गाव, जात आणि आडनावाची सगळी रूपं कागदावर लिहून न्या. यजमानांच्या, म्हणजे तिथे आलेल्या पूर्वजांच्या, हातची नोंद मिळाली तर सोन्यासारखी: भाऊ, मुलं, सगळे एका जागी.

मोडीवाचक: एक कळकळीची विनंती. उच्चार जवळचा म्हणून घराणी जोडू नका. शिरसाठ-शिरसाट लेखनाचा फरक असू शकतो, पण आहेर आणि आहिरे ही वेगळी आडनावं आहेत. गाव, बापाचं नाव आणि जमीन किंवा भाऊबंद, तिन्ही जुळले तरच पिढी पुढे मांडा.

निफाडकर: मालेगावकडची शाखाही आहे. तिचं?

गोदाकाठ: नाशिक जिल्हा 1869 मध्ये झाला. त्याआधी मालेगाव खानदेशात होतं, तेव्हा त्या काळचे कागद खानदेशच्या दप्तरात शोधावे लागतील.