एकांकिकेतलं हातगाडीवालं जोडपं: बायको नुसती शेजारून चालेल का?

सराफा_रात्री_दोन
नमस्कार मंडळी, यंदा कॉलनीच्या गणपतीत एकांकिका मी लिहितोय (मागच्या वर्षीच्या फार्समधला नवरदेव ऐनवेळी भोपाळला निघून गेला, तो विषय नको). बहीण सॉल्ट लेक सिटीला असते, तिच्याकडे गेलो तेव्हा १८५६ ची हातगाडीवाली गोष्ट ऐकली. मॉर्मन या अमेरिकेतल्या ख्रिस्ती पंथाचे गरीब लोक इंग्लंडहून बोटीने आले, आयोवा सिटीपर्यंत रेल्वे, आणि तिथून सॉल्ट लेकपर्यंत साधारण २१०० किलोमीटर पायी, सामान हातगाडीवर. म्हणजे इंदूरहून पुण्याला जा, परत या, पुन्हा पुण्याला जा, तरी उरतंच. माझं जोडपं विशी-बाविशीतलं, नुकतं लग्न झालेलं. तो गाडी ओढतो, ती शेजारून गाणं म्हणत चालते असं लिहिलंय. बायकोने वाचून नाक मुरडलं. म्हणते बैल का नाही घेतले, आणि बर्फ पडणार हे माहीत होतं तर थांबले का नाहीत, लोक हेच विचारतील. कुणाला नीट माहितीये का?

रामबागेतले_काका
वहिनी बरोबर बोलतायत. बैलगाडी परवडत नव्हती हो. पंथाचा एक फंड होता, त्यातून गरिबांना उधारीवर आणायचे, तिकडे पोचून फेडायचं. १८५५ मध्ये युटात, म्हणजे सॉल्ट लेकच्या मुलखात, दुष्काळ आणि टोळ, फंडात खडखडाट, मग पंथाचे प्रमुख ब्रिगम यंग यांनी हातगाडीची काटकसर काढली. आणि ती तशी खुळी नव्हती, पहिल्या तीन तुकड्या बऱ्यापैकी नीट पोचल्या, १८६० पर्यंत दहा तुकड्यांत साधारण तीन हजार माणसं गेली. वाट लागली चौथी-पाचवीची, म्हणजे विली आणि मार्टिन या म्होरक्यांच्या तुकड्यांची. बोटी लिव्हरपूलहूनच उशिरा सुटल्या, आयोवात येऊन बघतात तर गाड्या तयार नाहीत. ऑगस्टमध्ये नेब्रास्कात फ्लॉरेन्सला विलीच्या तुकडीची सभा झाली. लेव्ही सॅव्हेज हा त्या वाटेने आधी जाऊन आलेला माणूस म्हणाला हिवाळा इथेच काढा, नाहीतर म्हातारे आणि पोरं मरतील. बहुतेकांनी जायच्या बाजूने हात वर केले. तर तो म्हणाला ठीक, मग मीही येतो. आणि गेला! तुमच्या नाटकात हा माणूसच नाही?

भियाओ_४५२
पण भिया अमेरिकेचंच कशाला, आपले लोक होळकरांबरोबर इतक्या लांब आले ते दिसत नाही का

सराफा_रात्री_दोन
ते पुढच्या वर्षी, तू लिही

सुताराचा_नातू
दादा, आधी डोळ्यासमोरून आपला कचोरीचा ठेला काढा. तो ढकलायचा असतो, ही ओढायची होती, पुढे आडवा दांडा आणि दांड्याच्या आत दोघं, बाकीचे मागून रेटणार, साधारण पाच जणांत एक गाडी. तरणं जोडपं असेल तर दोघंही दांड्यालाच, म्हातारी माणसं आणि लेकुरवाळी मागे. त्यामुळे तुमची हिरॉइन शेजारून गाणं म्हणत वगैरे, नाही. आणि खरी गंमत लाकडात आहे. घाईत ओल्या लाकडाच्या गाड्या ठोकल्या, पुढे कोरडी हवा लागल्यावर लाकूड आकसलं, आपल्याकडे मे महिन्यात दाराच्या चौकटीला फट पडते ना तसंच, मग आरे खिळखिळे, तुंबा (चाकाचा मधला गोळा) फाटतो, त्यात वाळू जाऊन लाकडी आस झिजत जातो. वंगण नाही म्हणून वाटणीला आलेलं डुकराचं मांस आणि साबण लावला लोकांनी. खायचं की चाकाला लावायचं, यावर दोघांचं भांडण लावा, आख्खा सीन होतो.

पोहे_जिरावन_शेव
सामानाचं पण बघा. माणशी १७ पौंड, म्हणजे पावणेआठ किलोसुद्धा नाही, त्यात कपडे, अंथरूण, भांडी सगळं. आपण विमानात केबिन बॅगेला रडतो. पीठ मोठ्या माणसाला दिवसाला एक पौंड, ते पुढे कमी कमी होत गेलं, कारण पीठ वाहायला तुकडीबरोबर मोजक्या बैलगाड्या होत्या, त्यातले विलीच्या तुकडीचे ३० च्या आसपास बैल रात्रीत पळाले आणि त्या गाड्यांवरच्या पिठाची पोती हातगाड्यांवर आली. मार्टिनची तुकडी १९ ऑक्टोबरला नॉर्थ प्लॅट नदी ओलांडत होती, कमरेपर्यंत गार पाणी, आणि त्याच दिवशी बर्फ सुरू झालं. आदल्या दिवसापर्यंत पोरांना गाडीत घालून ओढत होता आणि दुसऱ्या दिवशी गेला, असे बाप होते, बरोबरच्या माणसाने लिहून ठेवलंय. दोन्ही तुकड्या मिळून हजाराला थोडे कमी, त्यातले दोनशेहून जास्त गेले. बाकीचे वाचले ते तरी सॉल्ट लेकमध्ये ५ ऑक्टोबरच्या सभेत ब्रिगम यंगनी प्रवचन बाजूला ठेवून आधी खेचरं आणि पीठ पाठवा असं सांगितलं म्हणून. विलीची तुकडी ९ नोव्हेंबरला पोचली, मार्टिनची ३० ला.
तुमच्या जोडप्यातलं कोण मरतंय?

सराफा_रात्री_दोन
ताई, आत्तापर्यंत कोणीच मरत नव्हतं, शेवटी आरती होती. आता गाणं काढलं, तिला दांड्यात घातलं. काका, सॅव्हेज तुम्हीच करणार का? तालीम रात्री नऊनंतर असते. आणि सुतारदादा, गणपतीला तीन आठवडे उरलेत, छकड्याची जुनी चाकं कुठे मिळतील? सायकलची लावली तर बायको तालमीलाच येणार नाही म्हणतेय.

सुताराचा_नातू
सांवेरच्या बाजूला विचारा. धाव (चाकावरची लोखंडी पट्टी) निघालेली असली तरी घ्या, तशीच हवीत.