मदत हवी आहे: फ्रीबीएसडीवर चालू आणि बंद जेलची एकत्र यादी

नमस्कार मंडळी. महाप्यातल्या आमच्या ऑफिसात फ्रीबीएसडी या युनिक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सर्व्हरवर बरेच जेल (एकाच सर्व्हरवर एकमेकांपासून वेगळे ठेवलेले कप्पे) आहेत. ‘जेएलएस’ ही कमांड दिली की जेआयडी (जेलचा क्रमांक), आयपी, होस्टनेम, पाथ सगळं दिसतं, पण फक्त चालू जेलचं. ‘-डी’ लावलं तर बंद होता होता अडकलेलेही दिसतात. पूर्ण बंद असलेल्यांचा मात्र कर्नलकडे (सिस्टिमच्या गाभ्याकडे) पत्ताच नसतो, त्यांची नोंद फक्त कॉन्फिग फायलींमध्ये.

रात्रपाळीच्या मुलांना एका कमांडवर दोन्ही दिसायला हवेत. कुठला जेल पडलाय हे त्यांना लगेच कळणं फार गरजेचं आहे. ‘जेल डॉट कॉन्फ’ ही कॉन्फिग फाइल ग्रेप करणं (त्यातून नावं शोधून काढणं) धोक्याचं वाटतं, कारण काही जेल ‘जेल डॉट कॉन्फ डॉट डी’ फोल्डरमधल्या वेगळ्या फायलींत आहेत.

बॅस्टिलसारखं जेल सांभाळणारं वेगळं टूल न टाकता हे कुणी केलंय का? स्क्रिप्ट असेल तर कृपया द्या.