घरातच "घोटभर घे" म्हणावं का?

नेरुळची_आई: परवा गटारीला दीर-जाऊ जेवायला होते. मटणाचं ताट वाढेपर्यंत भाऊजींनी माझ्या सोळा वर्षांच्या मुलाच्या ग्लासात बियर ओतलीसुद्धा. म्हणे, "घरात चाखली की पामबीच रोडला मित्रांबरोबर चोरून पिणार नाही." नवरा नुसता हसला. मुलाने एक घोट घेतला तोच मी ग्लास उचलून सिंकमध्ये ओतला. तेव्हापासून घरात अबोला. चुकलं का माझं?

बेलापूरकर: चुकलंच. आमचे बाबा शनिवारी आमच्यासमोर दोन पेग घ्यायचे, वरणभात जेवून झोपायचे. दारूचं अप्रूपच उरलं नाही. माझी पहिली बियर त्यांच्याबरोबरच. ज्यांच्या घरी बाटलीचं नाव काढायची सोय नव्हती, तेच मित्र येऊरला पहिल्याच रात्री ओकत बसले होते.

खारघरवाली: बाबा चांगले होते, मान्य. पण ऑस्ट्रेलियात १९०० हून जास्त मुलांचा सहा वर्षं मागोवा घेतला, २०१८ मध्ये 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये छापून आलाय. आईबापांनी हाताने दिल्याने मुलं पुढे सावरली, असं काही दिसलं नाही. उलट घरून मिळणाऱ्यांना बाहेरूनही मिळण्याची शक्यता वाढली. आणि आपल्याकडे सौम्य बियरलाही वय २१ लागतं, कडक दारूला २५. भाऊजींना सांगा.

बेलापूरकर: २५चा नियम कोण पाळतं हो? मुलं मित्रांचं बघून शिकतात. तुम्ही खारघरकर दारूबंदीसाठी मोर्चे काढता, पोरं शेजारच्या वसाहतीत जाऊन पितात.

खारघरवाली: मोर्चाला हसू नका, बाटली आडवी करायला बायकाच उतरतात. आणि ते मित्र काय आभाळातून पडले? त्यांच्याही घरी एखादे भाऊजी असतीलच की.

एकोणीस_चालू: मी ठाण्याचा, वय नावातच आहे. मित्र आग्रह करतात, पण दोनदा नाही म्हटलं की सोडतात. काका सोडत नाहीत. चुलतभावाच्या हळदीला "आता मोठा झालास" म्हणत ग्लास पुढे करणारे सगळे नात्यातलेच. मी पीत नाही, पण ते संस्कार वगैरे नाही. बाबा घेऊन आले की आई आम्हा दोघांना आतल्या खोलीत पाठवून कडी लावायची. बेलापूरकर, अप्रूप आमच्याही घरी नव्हतं.

बेलापूरकर: यावर काय बोलू, मित्रा.

नेरुळची_आई: आज मुलालाच विचारलं. म्हणाला, "कडू होती, सुटलो. पण काकांसमोर ओतायला नको होतीस." भाऊजींना फोन अजून केलेला नाही.