सी मधल्या वेब सर्व्हरात स्कीम ही लँग्वेज बसवायचीय, कुणी केलंय का?

हीट_नंबर_सात

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबडा आहे, चहा घेऊनच बसा.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीसाठी मी छोटा वेब सर्व्हर लिहिलाय, सी मध्ये, लिबमायक्रोएचटीटीपीडी ही वेब सर्व्हरची लायब्ररी वापरून. डेबियन टाकलेली एक पेटी फर्नेसच्या केबिनमध्ये भिंतीला टांगलीय, काळी झालीय धुळीनं पण चालतीय. काम एवढंच की स्पेक्ट्रोचा (धातूत काय किती आहे ते सांगणारं मशीन) रिझल्ट आला की त्यातनं कार्बन, सिलिकॉन, फॉस्फरस उचलायचं, सीई म्हणजे कार्बन इक्विव्हॅलंट काढायचा (कार्बनमध्ये सिलिकॉन-फॉस्फरसच्या बेरजेचा तिसरा हिस्सा मिळवायचा) आणि मेल्टरच्या स्क्रीनवर दाखवायचं की एवढं किलो फेरोसिलिकॉन टाक, एवढं सीपीसी (कार्बन वाढवणारा कोक) टाक, नाहीतर कार्बन वर गेलाय, एमएस स्क्रॅप टाकून खाली आण.

सीई काढणं अवघड नाही, पुढचे नियम सारखे बदलतात हा ताप आहे. एफजी २६० या ग्रे आयर्नला वेगळी रेंज, एसजी आयर्नला वेगळी, कास्टिंग जाड असलं की सीई खाली ठेवायचा, पातळ असलं की वर नाहीतर चिल (कडक, ठिसूळ पांढरा थर) येतंय, त्यात एखाद्या पार्टीचं म्हणणं असतंय की आमच्या मालाला सिलिकॉन एवढ्याच्या वर नको. सुपरवायझर फोन करतो, "साहेब तेवढं २.१ चं २.० करा की", मग मी राजारामपुरीतनं गाडी काढणार, तिथं जाऊन कंपाईल, सर्व्हर बंद करून चालू, आणि नेमकी त्याच दोन मिनिटांत हीट (वितळलेल्या लोखंडाची एक खेप) तयार असते आणि मेल्टर हातात पळी घेऊन माझ्याकडं बघत उभा.

आधी इफ-एल्स होतं. मग कॉन्फिग फाईल केली. मग कॉन्फिग फाईलमध्ये 'जर' आलं, त्याच्या मागनं 'आणि' आलं, परवा कंस आले. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की मी स्वतःची लँग्वेज लिहाय लागलोय आणि ती लई वाईट आहे.

म्हणून म्हटलं सरळ एखादी तयार फंक्शनल लँग्वेज सर्व्हरच्या पोटात बसवावी. नियम म्हणजे नाहीतरी फंक्शनच, हीटचे आकडे आत, सल्ला बाहेर. गाईल (लिस्पच्या घरातल्या स्कीमचं सी मध्ये बसणारं रूप) बघितलंय थोडं, हॅस्केल आणि ओकॅमल पण बसवता येतात म्हणे. भीती तीन गोष्टींची: सर्व्हर थ्रेड (एकाच प्रोसेसमध्ये शेजारी शेजारी चालणारी कामं) काढतो त्यात हे नीट चालंल का, नियमात चूक झाली तर सगळा सर्व्हर झोपंल का, आणि कुणी न संपणारा लूप लिहिला तर काय करायचं.

पांढरा_रस्सा

भावा एक सल्ला, बसवूच नकोस.

गंमत नाही करत. अपाचे वेब सर्व्हरला मॉड-लिस्प नावाचं मॉड्यूल होतं, नावावरनं वाटतंय की लिस्प अपाचेच्या आत घातलंय, पण तसं नव्हतं, लिस्पची प्रोसेस वेगळीच चालायची आणि ते मॉड्यूल फक्त सॉकेटवरनं रिक्वेस्ट तिकडं ढकलायचं. का? कारण लिस्पचा गार्बेज कलेक्टर (नको झालेली मेमरी उचलणारा), त्याचे सिग्नल, त्याचा स्टॅक, सगळं त्याला स्वतःच्या मालकीचं लागतंय आणि सर्व्हरला पण तेच लागतंय. एका म्यानात दोन तलवारी. तू पण वेगळी गाईल प्रोसेस ठेव, युनिक्स सॉकेटवर आकडे पाठव, उत्तर घे. ती मेली तर सिस्टिमडी (लिनक्सवर सर्व्हिसा सांभाळणारं) उठवंल, तुझा सर्व्हर उभाच.

जुना_टोलनाका

वरच्या भावाचं बरोबर आहे पण पूर्ण नाही. आत बसवायला म्हणूनच जन्मलेली लँग्वेज घे की, लुआ. १९९३ सालची आहे, ब्राझीलची, आणि ती सी च्या पोटात बसायलाच केलीय. फंक्शनलवाले नाक मुरडतील पण क्लोजर (आजूबाजूची व्हेरिएबलं लक्षात ठेवणारी फंक्शनं) आहेत, फंक्शन इकडनं तिकडं देता येतात, टेल कॉल खरे आहेत (शेवटी दुसरं फंक्शन बोलवलं तर स्टॅक वाढत नाही). कंसाचीच हौस असंल तर फेनेल बघ, दिसायला लिस्प, कंपाईल होऊन लुआ.

मी ओपनरेस्टी वापरतो, म्हणजे एन्जिन-एक्स वेब सर्व्हरच्या आत लुआजिट (चालता चालता मशीन कोड करणारी लुआ). तिथं प्रत्येक वर्कर प्रोसेसला एक लुआ व्हीएम आणि प्रत्येक रिक्वेस्ट म्हणजे त्यातली एक कोरूटीन (मध्येच थांबून परत चालणारं फंक्शन), त्यामुळं थ्रेडची भानगडच नाही. पण त्यातच खड्डा पण आहे. मी एकदा साधी सॉकेट लायब्ररी वापरून आतनं दुसऱ्या मशीनला कॉल केला, ते मशीन बंद होतं, तेवढा वेळ त्या वर्करवरच्या सगळ्या रिक्वेस्टी तिथंच गोठल्या. ब्लॉक होणारं काही म्हणजे काही आत करायचं नाही, त्यांची स्वतःची सॉकेट वापरायची.

तुझ्या सी सर्व्हरात लुआ घालणार असलास तर कॉल कायम पीकॉल (एरर पकडणारा कॉल) मधनंच कर. पीकॉल नसताना एरर आली तर पॅनिक फंक्शन चालतंय आणि त्यानंतर अख्खी प्रोसेस खल्लास. आणि स्टॅकवर ढकललेलं काढायचं विसरू नको, मी एक पॉप विसरलतो, पहिले काही तास सगळं गोड आणि मग रात्री ढगात.

लूपसाठी इन्स्ट्रक्शन मोजणारा हुक (ठराविक इन्स्ट्रक्शननंतर आपोआप बोलवलं जाणारं फंक्शन) लावता येतो, फक्त लुआजिटनं कोड मशीन कोडमध्ये बदलला की त्यात तो हुक वाजतच नाही, नेमका न संपणारा लूपच सगळ्यात आधी कंपाईल होतो, घ्या आता. त्या नियमांपुरतं जिट बंद ठेवायचं.

गंगावेशची_पोरगी

मी हे गाईलमध्ये केलंय, त्यामुळं बोलतो. (हो, मी 'बोलतो'च म्हणतो, पुण्यात येऊन सहा वर्षं झाली, ऑफिसात अजून हसतात, हसू देत.)

आधी थ्रेडचं. गाईलला माहीत नसलेल्या थ्रेडमधनं त्याचं काहीही बोलवायचं नसतं. तुझे थ्रेड लिबमायक्रोएचटीटीपीडी काढतंय, तू नाही, म्हणून कॉलबॅकच्या आत एससीएम-विथ-गाईल मधनं जायचं, तेवढ्यापुरता तो थ्रेड गाईलच्या हिशोबात येतो. आणि कॉलबॅक एका रिक्वेस्टला एकापेक्षा जास्त वेळा येतो हे तुला माहीत असंलच, पोस्ट रिक्वेस्टचा मजकूर पूर्ण आल्यावरच नियम चालव. सर्व्हर डीमन (मागं गुपचूप चालणारी सर्व्हिस) होण्यासाठी फोर्क (स्वतःची दुसरी प्रोसेस) करत असंल तर फोर्क आधी, गाईल नंतर, उलटं केलंस तर काय होईल ते मी सांगत नाही.

आता मी स्वतः खाल्लेला मार. नियमाचं फंक्शन मी मॅलॉक केलेल्या (सी मध्ये हातानं मागितलेल्या मेमरीतल्या) स्ट्रक्चरमध्ये ठेवलतं. टेस्टला झकास. साइटवर दीड-दोन तासानं क्रॅश, परत चालू केलं की परत दीड-दोन तासानं. दोन दिवस मी नेटवर्कला शिव्या घालत होतो. कारण असं की गाईल २.० पासनं बोहेमचा गार्बेज कलेक्टर वापरतंय, तो थ्रेडचे स्टॅक आणि ग्लोबल जागा चाळतो पण साध्या मॅलॉकच्या जागेत डोकावत नाही. म्हणजे माझं फंक्शन त्याच्या दृष्टीनं बेवारस, त्यानं उचलून नेलं. एससीएम-जीसी-प्रोटेक्ट-ऑब्जेक्ट (हे उचलू नको असं कलेक्टरला सांगणारं) या एका ओळीनं मिटलं सगळं.

एररचं म्हणशील तर नियमात चूक झाली की गाईल तुझ्या सी च्या फ्रेमवरनं उडी मारून बाहेर जातं, मध्ये तू केलेलं फ्री चालतच नाही, मेमरी गळत राहते. त्याला डायनविंड-फ्री (उडी मारली तरी फ्री करणारं) आहे, नाहीतर सरळ सगळं कॅचमध्ये गुंडाळ आणि एरर आली की 'नियम चुकला, जुना नियम चालू आहे' असं स्क्रीनला दाखव.

लूपला गाईलमध्ये तयार औषध आहे, आइस-९ सँडबॉक्स, म्हणजे कोड बंद खोलीत चालवायची सोय. वेळेची मर्यादा डिफॉल्ट ०.१ सेकंद, मेमरी साधारण १० एमबी, आणि आत फाईल उघडणं वगैरे काही मिळतच नाही. तुझ्या नियमाला ०.१ सेकंद म्हणजे लई झाले. पांढरा_रस्सा दादा म्हणतात तशी वेगळी प्रोसेस पण चांगलीच, पण मग ती प्रोसेस, तिची सर्व्हिस, सॉकेट, फॉरमॅट, एवढं सगळं कोण सांभाळणार, हा पठ्ठ्या एकटाच आहे.

आणि फंक्शनल घेतोयस तर त्याचा खरा फायदा घे. नियमाला डेटाबेस देऊ नको, घड्याळ देऊ नको, काहीच देऊ नको, फक्त हीटचे आकडे. मग नवा नियम आला की मागच्या सहा महिन्यांच्या सगळ्या हीटा त्याच्यातनं काढायच्या आणि जुन्या नियमाचा सल्ला कुठं कुठं बदलला तेवढीच यादी सुपरवायझरला दाखवायची. तो यादी बघून एका मिनिटात सांगतो, ही हीट बघा ताई, हिला एवढं सिलिकॉन टाकलं असतं तर माल परत आला असता. बदल करायचा म्हणजे फक्त एक पॉइंटर बदलायचा, चालू असलेल्या रिक्वेस्ट जुन्या फंक्शनवर संपतात, नवीन नव्यावर. सर्व्हर बंद करायचा प्रश्नच नाही.

ओकॅमलप्रेमी_कागल

ओकॅमलचं कुणी बोललं नाही म्हणून. बसतंय सी मध्ये, पण त्याचा कलेक्टर वस्तू हलवतो, त्यामुळं सी बाजूला प्रत्येक व्हॅल्यू मॅक्रोनं नोंदवायला लागतीय, एक विसरलास की गेलास. आणि नियम बदलला की परत कंपाईल करायचंच आहे, मग राजारामपुरी-शिरोली चक्कर काही चुकत नाही. हॅस्केलचं पण तेच, वर त्याचा रनटाइम एकदा बंद केला की त्याच प्रोसेसमध्ये परत चालू होत नाही. मला दोन्ही आवडतात, पण हे काम त्यांचं नाही.

हीट_नंबर_सात

सगळ्यांचे आभार, विशेष ताईंचे. शनिवार-रविवार बसून गाईल ३.० बसवलं. चाललं. आता गंमत ऐका.

मी आकडे सर्व्हरमध्ये शंभरपट करून पूर्णांकात ठेवतो, दशांशाची कटकट नको म्हणून. म्हणजे कार्बन ३.३५ चा ३३५, सिलिकॉन २.१४ चा २१४, फॉस्फरस ०.०६ चा ६. पहिली हीट आली आणि मेल्टरच्या स्क्रीनवर सीई आला: १२२५/३.

मेल्टर म्हणतो साहेब हे काय, तारीख आहे का?

गंगावेशची_पोरगी

अरे देवा. स्कीम पूर्णांकाला पूर्णांकानं भागलं की अपूर्णांकच ठेवतंय, अचूक. ३३५ अधिक २२०/३, बरोबर १२२५/३. गणिताच्या सरांनी पूर्ण मार्क दिले असते. बाहेर पाठवायच्या आधी एक्झॅक्ट-टू-इनएक्झॅक्ट कर आणि मग शंभरानं भाग, ४.०८ येईल.

हीट_नंबर_सात

केलं, आलं ४.०८. मेल्टर खूश.

अजून एक. गाईलला युनिकोड नावं चालतात म्हणून मी 'डिफाइन'वर एक मॅक्रो टाकून त्याला 'ठरव' केलं, आणि 'कार्बन', 'सिलिकॉन', 'जाडी' अशी नावं देवनागरीत ठेवली. पहिल्यांदा सगळीकडं प्रश्नचिन्हं आली, कारण मी सी कडनं लोकेल-स्ट्रिंगवालं फंक्शन वापरलतं आणि सर्व्हर सुरू होताना लोकेलच (भाषेची आणि अक्षरांची सेटिंग) सेट नव्हतं, यूटीएफ-८ वालं वापरल्यावर गेलं. सुपरवायझरला उलटी बेरीज, म्हणजे अधिकचं चिन्ह आधी आणि आकडे नंतर, समजायला दहा मिनिटं लागली, मग म्हणाला, "म्हंजे आधी काय करायचं ते सांगायचं आणि मग कुणाला ते." मला कॉलेजात एवढ्या सोप्या भाषेत कुणी सांगितलं नव्हतं.

काल त्यानं स्वतः पातळ कास्टिंगचा नियम लिहिला. ताईंनी सांगितलेलं जुन्या हीटांवर चालवायचं पान पण केलंय, फक्त दोन महिन्यांचाच डेटा सापडला, आधीचा वहीत आहे. त्यात नऊ हीटांचा सल्ला बदलला, आठ त्यानं मान्य केल्या, नवव्या हीटला म्हणाला नियम चुकलाय, जाडीची अट उलटी पडलीय. खरंच उलटी होती. लाइव्ह करायच्या आधी सापडली.

पांढरा_रस्सा

मानलं भावा. तरी माझी वेगळी प्रोसेस लक्षात ठेव, ज्या दिवशी सर्व्हर रात्री दोनला मरंल त्या दिवशी आठवंल.

जुना_टोलनाका

बाकी सगळं ठीक पण देवनागरी कोडचा बॅकअप ठेव, उद्या कुणीतरी ती फाईल विंडोजवर जुन्या मराठी फॉन्टात उघडून सेव्ह करणार, लिहून घे.

हीट_नंबर_सात

गिटमध्ये आहे. सध्याची अडचण वेगळीच आहे, केबिनमधल्या कीबोर्डची ९ आणि ० ची बटणं वाळूनं अडकतात, आणि कंस नेमके तिथंच आहेत. झाकणवाला रबरी कीबोर्ड उद्यमनगरात कुठं चांगला मिळतो?