ऑक्सफर्डचं कॉलेज निवडताना माजी विद्यार्थ्यांची यादी बघावी का?

गंगापूर रोडची मावशी

नमस्कार मंडळी. माझी भाची इथेच नाशिकला एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मार्क चांगले आहेत आणि तिच्या सरांनीच सुचवलं म्हणून ऑक्सफर्डच्या बीसीएलला, म्हणजे बॅचलर ऑफ सिव्हिल लॉ या कायद्याच्या अभ्यासक्रमाला, अर्ज करतेय. अर्जात कॉलेजची पसंती विचारतात आणि त्यावरून घरात रोज चर्चा चालू आहे. तिच्या वडिलांचा आग्रह बॅलिओलचा, कारण अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथ तिथे शिकला. आजोबा म्हणतात, ज्या कॉलेजातून जास्त पंतप्रधान झाले ते घ्या. आणि ती स्वतः म्हणते, मावशी, मी तो रकाना रिकामाच ठेवते.

मला मुळात हे कळत नाही की तिथे कॉलेज म्हणजे काय. आपल्याकडे कॉलेज बदललं की प्राध्यापक बदलतात, वातावरण बदलतं. तिथेही तसंच असतं का? आणि माजी विद्यार्थ्यांच्या या याद्यांना किती महत्त्व द्यायचं?

अजून एक. सॉमरव्हिल कॉलेजच्या यादीत इंदिरा गांधी आणि मार्गारेट थॅचर यांच्याबरोबर कॉर्नेलिया सोराबजी हे नाव दिसलं आणि पुढे जन्म नाशिक, १८६६ असं लिहिलेलं. मी जन्मापासून नाशिकची, पण हे नाव कधी ऐकलं नव्हतं. कोणाला माहिती असेल तर सांगा.

लिनॅकरचा माजी विद्यार्थी

मावशी, मी नाशिक रोडचा. ऑक्सफर्डला लिनॅकर कॉलेजात होतो, विषय वेगळा, पण माझे शेजारी बीसीएलचे होते, त्यामुळे सांगू शकतो.

बीसीएलची व्याख्यानं आणि सेमिनार विद्यापीठाच्या कायदा विभागात होतात. परीक्षा विद्यापीठ घेतं, पदवी विद्यापीठ देतं. कॉलेज बदललं म्हणून शिकवणारे बदलत नाहीत. कॉलेजात तुमची खोली, जेवण, अडीअडचणीला एक सल्लागार, छोटं ग्रंथालय आणि मुख्य म्हणजे तुमची माणसं. पदवीपूर्व मुलांचं बरंचसं शिकवणं कॉलेजातल्या शिक्षकांकडे असतं, तिथे कॉलेजचा फरक पडतो. तुमच्या भाचीच्या अभ्यासक्रमाला तेवढा नाही. नावात बॅचलर असलं तरी बीसीएल हा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, हे आजोबांना आवर्जून सांगा, कारण लग्नकार्यात हा प्रश्न येणारच.

प्रवेश द्यायचा की नाही हे विभाग ठरवतो. पसंतीच्या कॉलेजमुळे शक्यता वाढत नाही आणि घटतही नाही. रकाना रिकामा ठेवला तर विद्यापीठ एखादं कॉलेज नेमून देतं. सगळी कॉलेजं बीसीएलला मुलं घेत नाहीत, तेवढं आधी तपासा.

मग बघायचं काय? खोली किती काळ मिळते, भाडं किती, स्वतः स्वयंपाक करता येतो का, आणि शिष्यवृत्ती. कायद्याचं ग्रंथालय सेंट क्रॉस बिल्डिंगमध्ये आहे. लिनॅकर त्याच रस्त्यावर. बॅलिओलची पदव्युत्तर मुलं होलीवेल मॅनरमध्ये राहतात, तेही अगदी जवळ. सॉमरव्हिल वुडस्टॉक रोडला आहे, थोडं चालावं लागतं, पण तिथे भारतीय विद्यार्थ्यांसाठी चांगल्या शिष्यवृत्त्या आहेत. जानेवारीत चार वाजता अंधार पडतो तेव्हा खोली आणि ग्रंथालय यांतलं अंतर फार जाणवतं.

निवृत्त इतिहास शिक्षिका, नाशिक

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नासाठी लिहायला बसले. नाशिकच्या शाळेत मी इतिहास शिकवायचे आणि कॉर्नेलिया सोराबजी आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हती. मी मात्र दरवर्षी एक तास तिच्यासाठी काढायचे.

तिचे वडील पारशी, ख्रिस्ती झालेले, मिशनचं काम करायचे. आज आपण शरणपूर रोड म्हणतो तो भाग म्हणजे तेव्हाची मिशनची वसाहत. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे शिकत. आफ्रिकेचा शोध घेणाऱ्या लिव्हिंगस्टनचा मृतदेह आफ्रिकेतून थेट लंडनपर्यंत पोचवणारा जेकब वेनराइट तिथलाच विद्यार्थी. एवढं जग त्या काळात आपल्या गावात येऊन गेलं आणि त्याच सुमारास, १५ नोव्हेंबर १८६६ ला, कॉर्नेलिया नाशिकला जन्मली. बालपण पुढे बेळगाव आणि पुण्यात गेलं. आई फ्रान्सिना पुण्यात शाळा चालवायची.

मुलगी डेक्कन कॉलेजात गेली. वर्गात एकटी. मुलं तिच्या तोंडावर दारं आपटायची. तिथून ती मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर झाली, आणि नुसती उत्तीर्ण नव्हे, परीक्षेत अव्वल. अव्वल येणाऱ्याला इंग्लंडला शिकायला सरकारी शिष्यवृत्ती मिळायची. तिला नाकारली, कारण ती बाई. काही काळ अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात तिने शिकवलं. मग इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी पैसे उभे केले. त्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. १८८९ ला ती ऑक्सफर्डला पोचली.

आता कॉलेजचा मुद्दा. ऑक्सफर्डमध्ये शिकवणं १०९६ पासून चालू असल्याचे पुरावे आहेत. युनिव्हर्सिटी कॉलेज, बॅलिओल आणि मर्टन ही तिन्ही तेराव्या शतकातली, आणि सर्वांत जुनं कोण हा त्यांचा वाद अजून मिटलेला नाही. पण बायकांसाठी पहिली दोन कॉलेजं निघाली ती १८७९ मध्ये, लेडी मार्गारेट हॉल आणि सॉमरव्हिल. सॉमरव्हिलला धर्माची अट नव्हती, नाव दिलं ते मेरी सॉमरव्हिल या गणितज्ञ बाईचं. कॉर्नेलिया तिथे राहिली. तिच्यामागे खंबीरपणे उभे राहिले ते मात्र बॅलिओलचे प्रमुख बेंजामिन जोवेट. भाचीच्या वडिलांना हे सांगा, त्यांना आवडेल.

१८९२ ला तिने ज्या परीक्षेचा अर्ज तुमची भाची भरतेय तीच बीसीएलची परीक्षा दिली. बाईला परीक्षेला बसू देण्यासाठी विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. परीक्षा झाली, पदवी नाही. ऑक्सफर्डने बायकांना पदव्या द्यायला सुरुवात केली १९२० मध्ये आणि कॉर्नेलियाला तिची पदवी मिळाली १९२२ मध्ये. तीस वर्षं. वकिली करायची परवानगी भारतात बायकांना १९२३ च्या कायद्याने मिळाली. मधल्या काळात ती बंगाल सरकारची नोकरी करत होती, पडद्यातल्या विधवांची आणि अनाथ वारसांची इस्टेट सांभाळायला मदत करायची. अशा सहाशेच्या आसपास बायका-मुलांना तिने मदत केली असं मानलं जातं.

तिची राजकीय मतं मला पटत नाहीत. ती इंग्रजांच्या राज्याची बाजू घ्यायची आणि गांधीजींच्या विरोधात होती. मुलींना मी हेही सांगायचे. म्हणून त्या तीस वर्षांचं मोल कमी होत नाही.

तुम्ही विचारलंत, यादीला किती महत्त्व द्यायचं. मला वाटतं नावांपेक्षा ती माणसं तिथे कशी पोचली आणि तिथे त्यांचं काय झालं ते वाचावं. इंदिरा गांधी १९३७ ला सॉमरव्हिलला गेल्या, आजारपणामुळे पदवी न घेता परतल्या. नाव यादीत आहेच. डोरोथी हॉजकिन तिथेच शिकल्या, पुढे तिथेच रसायनशास्त्र शिकवलं, १९६४ चं नोबेल मिळवलं, आणि थॅचर त्यांच्याच विद्यार्थिनी. राजकारणात दोघी दोन टोकांना. कॉलेजने कोणाला घडवलं असं मी म्हणणार नाही, पण प्रयोगशाळेत हॉजकिन शिकवायला असणं ही त्या मुलींसाठी केवढी मोठी गोष्ट होती!

भगूरकर

मॅडम, सुंदर लिहिलंत. बॅलिओलच्या यादीत आणखी एक नाव आहे, श्यामजी कृष्ण वर्मा, कच्छच्या मांडवीचे, १८८३ चे बी.ए. पुढे लंडनला भारतीय विद्यार्थ्यांसाठी इंडिया हाऊस हे वसतिगृह काढलं आणि त्यांच्याच शिष्यवृत्तीवर १९०६ ला आमच्या भगूरचे सावरकर लंडनला गेले. तेही कायद्याची परीक्षा पास झाले आणि बॅरिस्टर करणाऱ्या लंडनच्या ग्रेज इन या संस्थेने त्यांना बॅरिस्टर होऊ दिलं नाही. नाशिक जिल्ह्यात जन्मलेली दोन माणसं, राजकारणात एकमेकांच्या पूर्ण विरुद्ध, आणि दोघांचीही परीक्षा पास होऊन पदवी अडली.

गंगापूर रोडची मावशी

सगळ्यांचे मनापासून आभार. बाईंचं उत्तर मी काल रात्री जेवणानंतर घरात मोठ्याने वाचलं. बाईला परीक्षेला बसायला ठराव करावा लागला, हे ऐकून भाची उठून लॅपटॉप घेऊन आली आणि अर्ज उघडला. पसंतीत सॉमरव्हिल घातलंय. तिथे कायद्याच्या भारतीय विद्यार्थ्यांसाठी कॉर्नेलियाच्याच नावाची शिष्यवृत्ती आहे असं तिला सापडलं. तिचे बाबा जोवेटसाहेबांवर खूश आहेत.

नाशिक रोडच्या दादांना एक विचारायचं होतं. शिफारसपत्रं तीन मागितली आहेत. दोन प्राध्यापक तयार आहेत. तिसरं पत्र ज्या वकिलांकडे तिने उमेदवारी केली त्यांचं चालेल का, की तेही शिकवणाऱ्याचंच हवं?

लिनॅकरचा माजी विद्यार्थी

शक्यतो शिकवणाऱ्याचंच घ्या. बीसीएल फार अभ्यासू कोर्स आहे, लेखी परीक्षेत दीर्घ उत्तरं लिहावी लागतात, त्यामुळे तिचं लिखाण ज्यांनी तपासलंय त्यांच्या शब्दाला वजन असतं. मूट कोर्टाचं, म्हणजे सरावाच्या खटल्याचं, मार्गदर्शन केलेले किंवा एखादा निबंध तपासलेले सर असतील तर त्यांना विचारा. पत्र स्वतः लिहून सहीला देऊ नका, त्यांना तिचा एखादा निबंध आणि गुणपत्रिका पाठवा आणि मुदतीच्या बरंच आधी सांगा. आणि शिष्यवृत्तीचे नियम दरवर्षी बदलतात, कॉलेजच्या पानावर यंदाचे वाचूनच ठरवा.