पुढच्या वेळी सरकारकडे नेमकं काय मागायचं? (महामारीनंतर पर्यटन धंद्याला मिळालेली मदत)

रिकामी_सीट:

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच सांगून ठेवते.

आमचा सहलींचा छोटा धंदा. छोटा म्हणजे मी, माझी वहिनी आणि एक टेबल. आमच्या संघटनेने ठरवलंय की महामारीत सरकारी मदतीचं काय झालं आणि पुन्हा तशी वेळ आलीच तर काय मागायचं, याचं निवेदन आत्ताच तयार करून ठेवायचं. मसुद्याचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण बैठकीला वही घेऊन गेलेली मी एकटीच होते.

बैठकीत दोन तट पडले. एक म्हणे, लोकांना प्रवासाची कुपनं वाटा, लोक बाहेर पडले की सगळ्यांचं भागेल. दुसरा म्हणे, धंद्याला स्वस्तात कर्ज द्या. मला दोन्ही पटेना, आणि का पटत नाही तेही सांगता येईना. म्हणून गप्प बसले.

माझी गोष्ट अशी. एप्रिल २०२०चा ३४ जणांचा गट मार्चमध्येच पूर्ण भरला होता. मग सगळं ठप्प. मी एक निळी वही काढून तीन रकाने आखले: नाव, किती भरले, पैसे आत्ता कुठे आहेत. तिसरा रकाना लिहिताना घाम फुटला. विमान कंपनीने रोख न देता प्रत्येकाच्या नावावर क्रेडिट टाकलं, वर्षभरात वापरा म्हणाली. हॉटेलने आगाऊ रक्कम ठेवून घेतली. 'निवळलं की या, खोल्या तुमच्याच आहेत.' बसवाल्याने अर्धे पैसे लगेच दिले. उरलेले मागायला माझी जीभ रेटेना, त्याच्याही गाड्या दारात उभ्या होत्या. लोकांनी मात्र पैसे माझ्याकडे भरलेले. पावती माझ्या सहीची. त्यांच्या दृष्टीने विमान नाही, हॉटेल नाही, जी काय ती मीच.

दीड वर्ष कमाई शून्य आणि काम रोज चार-पाच तास. ईमेल, फोन, तेच फॉर्म पुन्हा भरा, तीच तिकिटं पुन्हा जोडा. एक निवृत्त बाई दर सोमवारी फोन करायच्या. पैशाचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. फक्त 'तब्येत कशी आहे तुमची?' तगादा लावणाऱ्यांपेक्षा मला त्या फोनची जास्त धास्ती. शेवटी मुदतठेव मोडली आणि जमेल तसे एकेकाचे देत गेले.

तर विचारायचं हे की बाकीच्या देशांत काय केलं, आणि त्यातलं खरंच खाली झिरपलं ते काय? 'शोधून बघा' म्हणू नका. शोधलं की सगळीकडे अमुक अब्जांचं पॅकेज एवढंच सापडतं.


हिशेबनीस:

ताई, पहिल्या तटाला जपान दाखवा. तिथली 'गो टू ट्रॅव्हल' योजना २२ जुलै २०२०ला सुरू झाली. प्रवासाचा निम्मा खर्च सरकारचा: ३५ टक्के सरळ सूट आणि १५ टक्क्यांची कुपनं, जी त्याच भागातल्या दुकानांत खर्च करायची (कुपनं ऑक्टोबरपासून आली). मर्यादा माणशी एका रात्रीला २०,००० येन.

आता बघा. सूट टक्क्यांत असली की ४०,००० येनच्या खोलीवर २०,००० वाचतात आणि ८,०००च्या खोलीवर ४,०००. माणूस काय करेल? एरवी ज्या हॉटेलच्या पायऱ्या चढला नसता तिथेच जाईल. तिथे तक्रार हीच झाली की महागड्या खोल्यांकडे गर्दी आणि साध्या मुक्कामाच्या जागा तशाच. शिवाय टोकियो आधी वगळलं, १ ऑक्टोबरला घेतलं, आणि रुग्ण वाढले म्हणून २८ डिसेंबरला योजना देशभर थांबवली. रद्द झालेल्या बुकिंगची भरपाईही मग सरकारच्याच अंगावर.

इटलीची तऱ्हा वेगळी. त्यांचा सुट्टीचा बोनस १ जुलै २०२०पासून, उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या कुटुंबाला ५०० युरोपर्यंत. दिसायला छान. पण त्यातली ८० टक्के सूट हॉटेलवाल्याने आधी स्वतःच्या खिशातून द्यायची आणि नंतर करात वळती करून घ्यायची. म्हणजे ज्याच्या गल्ल्यात खडखडाट, त्यालाच सरकारने उधारी मागितली! कित्येक हॉटेलांनी बोनस स्वीकारायला सरळ नकार दिला. राखून ठेवलेल्या २.४ अब्ज युरोंपैकी निम्मेही वापरले गेले नाहीत.

तेव्हा कुपनं द्या एवढं लिहून भागणार नाही. पैसे आधी कोण घालणार, ते लिहा.


काउंटरमागून:

हिशेबनीसांशी अर्धा सहमत. टक्क्यांची सूट वाईट, मान्य. पण ठरावीक रकमेचं काय? पोलंडने ऑगस्ट २०२०पासून प्रत्येक मुलामागे ५०० झ्लॉटी दिले, देशातल्याच मुक्कामावर नाहीतर सहलीवर खर्चायचे. आइसलँडने प्रत्येक प्रौढाला ५,००० क्रोनाची प्रवासभेट दिली. माल्टाने १६ वर्षांवरच्या सगळ्यांना १०० युरोंची कुपनं वाटली, २०-२०ची पाच. त्यातली चार हॉटेल-रेस्तराँसाठी आणि एक इतर दुकानांसाठी. तिथे महागडं निवडून जास्त लाटायची सोयच नाही.

मी त्या काळात एका हॉटेलच्या स्वागतकक्षात होतो. बंद हॉटेल म्हणजे काय ते सांगतो. दर तिसऱ्या दिवशी सगळ्या रिकाम्या खोल्यांत जाऊन नळ आणि शॉवर पाच-पाच मिनिटं सोडून ठेवायचे, नाहीतर साचलेल्या पाण्यात जंतू होतात. फ्लश ओढायचे, पडदे उघडायचे, पुन्हा लावायचे. पाहुणा एक नाही आणि पाण्याचं बिल चालूच. अशा वेळी कुपन घेऊन का होईना, कुणीतरी बॅग ओढत दारातून आत येणं याची किंमत हिशेबाच्या वहीत दिसत नाही.

हां, चोऱ्या होतात. थायलंडमध्ये सरकार खोलीच्या भाड्याचे ४० टक्के भरायचं, रात्रीला ३,००० बाथपर्यंत. काही हॉटेलांनी न आलेल्या पाहुण्यांचं चेक-इन दाखवून पैसे उचलले. २०२०च्या अखेरीस ते उघडकीला आलं आणि पुढचा टप्पा लांबणीवर पडला.


टवाळ_तिकीट:

म्हणजे भुतंसुद्धा मुक्कामाला होती! सकाळचा नाष्टा भाड्यात धरला होता का?


पायवाट:

मी गाइड आहे, म्हणून दुसऱ्या तटाबद्दल बोलतो.

भारताचं उदाहरण घ्या. तातडीच्या कर्जाची जी हमी योजना होती, तिच्यात नवं कर्ज हे जुन्या कर्जाच्या टक्क्यांत होतं. २९ फेब्रुवारी २०२०ला जेवढी थकबाकी असेल तिच्या काही टक्के. मार्च २०२१ अखेर पर्यटन आणि हॉटेलांना त्यात ४० टक्क्यांपर्यंत वाढवून दिलं. बरं झालं. पण ज्याने आयुष्यात कर्जच काढलं नाही, त्याच्या शून्याचे ४० टक्के शून्यच. अंथरूण पाहून पाय पसरले ही चूक झाली म्हणायची.

मग जून २०२१मध्ये वेगळी योजना जाहीर झाली: सरकारमान्य पर्यटन व्यावसायिकाला १० लाखांपर्यंत आणि गाइडला १ लाखापर्यंत कर्ज, शंभर टक्के हमी सरकारची, वेगळं तारण नको, प्रक्रिया शुल्क नको. कागदावर खोट काढायला जागा नाही. फक्त 'सरकारमान्य' हा शब्द बघा. योजना आखताना मान्यताप्राप्त गाइड धरले होते १०,७००. एवढ्या मोठ्या देशात! ज्यांच्या गळ्यात ओळखपत्र नाही, पण २० वर्षं तेच काम करतात, ते मोजणीतच नाहीत. आणि मान्यता असली तरी ते कर्जच. फेडायचं तर माणसं फिरायला यायला हवीत, आणि ती कधी येणार ते कुणीच सांगू शकत नव्हतं.

अवांतर: बरेच महिने बोललो नाही की सनावळ्या विसरायला होतात. मी गच्चीवर फेऱ्या मारत सगळी माहिती मोठ्याने म्हणायचो, 'आता आपण उजवीकडे वळू या' सकट. शेजारच्या काकूंनी घरी हळूच विचारलं, 'बरे आहेत ना हे?'


रिकामी_सीट:

पायवाट, शून्याचे ४० टक्के वाचून हसले आणि मग हसू थांबलं. मी पण तीच. कर्ज नको म्हणून आयुष्यभर अभिमानाने सांगत आले, आणि बँकेतल्या मुलाने संगणकाकडे बघत विचारलं, 'आधीचं खातं कुठलं?'

काउंटरमागून, तुमच्या नळांबद्दल वाचून वाईट वाटलं. त्याच दिवसांत मी एका हॉटेलच्या काउंटरवर दिवसातून दोनदा फोन करत होते. पलीकडे कुणीतरी नळ सोडून धावत येत असेल, हे डोक्यातही आलं नाही.

पण आता मला नीट सांगता येतंय. कुपन खोलीवाल्याकडे जातं, कर्ज कर्जवाल्याकडे जातं. माझं दुखणं तिसऱ्या रकान्यात होतं. लोकांचे पैसे परत आणायचं जे काम मी केलं, त्याचा विचार कुठल्या सरकारने केलाय का?


दक्षिणवारा:

केलाय. न्यूझीलंडने.

सप्टेंबर २०२०मध्ये त्यांनी ट्रॅव्हल एजंटांसाठी योजना आणली, ४७.६ दशलक्ष न्यूझीलंड डॉलरपर्यंतची. विमान कंपन्या, क्रूझ, हॉटेलं यांच्याकडे अडकलेले ग्राहकांचे पैसे एजंटाने सोडवून आणायचे. रोख परत मिळाली तर तिच्या ७.५ टक्के सरकार एजंटाला देणार. क्रेडिट मिळवून दिलं किंवा नवं बुकिंग करून दिलं तर ५ टक्के. कारण अगदी व्यवहारी होतं: पैसे बहुतेक परदेशात अडकलेले, आणि ते कुठे अडकलेत हे फक्त एजंटालाच ठाऊक. एजंटाने शटर ओढलं तर ते पैसे देशात परत येणारच नाहीत.

ऑस्ट्रेलियानेही डिसेंबर २०२०मध्ये एजंटांना एकरकमी अनुदान जाहीर केलं, १२८ दशलक्ष ऑस्ट्रेलियन डॉलरचं. ते उलाढालीच्या प्रमाणात होतं, पण त्यामागेही परताव्याचंच काम होतं. कर्ज नाही, परत करायचं नाही.

न्यूझीलंडचं सगळंच गोड होतं असं समजू नका. त्यांच्या ४०० दशलक्ष डॉलरच्या पर्यटन पॅकेजमध्ये दुसरा एक निधी होता, 'महत्त्वाची' पर्यटनस्थळं आणि व्यवसाय टिकवायला. बंजी जंपिंगच्या कंपनीला त्यातून मोठी मदत मिळाली आणि आरडाओरडा झाला की हिला का आणि आम्हाला का नाही. महालेखापरीक्षकांनी चौकशी करून निवडीच्या पद्धतीवर ताशेरे ओढले.


हिशेबनीस:

हे मला माहीत नव्हतं, आभार. पण माझाच मुद्दा माझ्यावर उलटवतो: इथेही टक्केच आहेत. ज्याने पाच हजार प्रवाशांचे पैसे सोडवले त्याला ३४ वाल्यापेक्षा कितीतरी जास्त. शिवाय मोठ्याकडे हे काम करायला पगारी माणसं असतात. ताई, मागणीत पहिल्या काही परताव्यांना जास्त दर मागा, मग कमी होत जाऊ दे.

अजून एक. अमेरिकेने मार्च २०२०च्या कायद्यात प्रवासी विमान कंपन्यांना पगारासाठी २५ अब्ज डॉलर दिले, अट घातली ३० सप्टेंबरपर्यंत सक्तीची नोकरकपात नको. चांगली अट. मग एप्रिलमध्ये तिथल्याच वाहतूक खात्याला कंपन्यांना बजावावं लागलं की तुम्ही रद्द केलेल्या उड्डाणांचे पैसे परत देणं बंधनकारक आहे. हीच गोष्ट चेक देताना हातात हात घेऊन सांगता आली असती.


काउंटरमागून:

मग हॉटेलांनाही तीच अट लावणार का? आमच्या मालकाने आगाऊ रकमांतूनच आमचे दोन पगार केले होते. परत द्या म्हटलं असतं तर आम्ही घरी.


रिकामी_सीट:

काउंटरमागून, याला माझ्याकडे उत्तर नाही. खरंच नाही. म्हणूनच बहुधा हे काम सरकारचं आहे: तुमचा पगार वेगळा द्या आणि माझे पैसे वेगळे सोडवा. माझ्या ३४ जणांच्या पैशांतून तुमचा पगार झाला हे मला आज कळतंय. कळल्यावर रागही येत नाही.

काल रात्री निळी वही काढून बसले. ७.५ टक्क्यांनी हिशेब केला. मुदतठेव भरून निघाली नसती, पण वहिनीला त्या दीड वर्षात दर महिन्याला काहीतरी देता आलं असतं. ती मोबदल्याशिवाय बसली होती माझ्यासमोर, त्याच टेबलाला. मसुद्याचं पहिलं कलम लिहून झालं: परतावा मिळवून देण्याच्या कामाचा मोबदला, छोट्यांना चढा दर. दुसरं: मोठ्या कंपनीला मदत देताना ग्राहकांचे पैसे परत करायची तारीख लिहून घ्यावी. तिसरं पायवाटांच्या नावाने, मान्यतेची नोंदणी संकट यायच्या आधी आणि फुकट. हिशेबनीस, मसुदा झाला की तुम्हाला व्यक्तिगत निरोपातून पाठवते, आकडे तपासून द्या.

सोमवारच्या बाईंना त्यांचे पैसे दिले तेव्हा त्या म्हणाल्या, 'अगं, मी विसरलेच होते.' साफ खोटं. पुढच्याच वर्षी गटात आल्या, खिडकीची सीट घेऊन.

वहीत एक ओळ अजून उघडी आहे. दोन जागा, एकाच नावाने भरलेल्या. २०२१च्या उन्हाळ्यापासून तो फोन लागत नाही, पत्र परत आलं. पैसे मी बाजूला काढून ठेवलेत. असे पैसे रीतसर कुठे जमा करायचे असतात, हे कुणाला ठाऊक असेल तर इथेच लिहा.