छोट्या शिशूच्या प्रवेशाला 'गोटीची चाचणी' हवी का? – ठाण्यातल्या बालवाडी-शिक्षकांची चर्चा

चरईकर (धागा सुरू केला)
आपल्या गटात सूचना आली आहे की छोट्या शिशूत घेताना मुलाला दुसऱ्याच्या मनातलं कळतं का, तेही तपासावं. चाचणी अशी: मनी गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते, सोनू ती डब्यात टाकतो. मनी परत आल्यावर गोटी कुठे शोधेल? मानसशास्त्रज्ञ विमर आणि पर्नर यांनी 1983 मध्ये ही पद्धत आणली, तिचं बाहुल्यांचं रूप 1985 चं. बरोबर उत्तर 'टोपलीत', कारण गोटी हलवलेली मनीने पाहिलेली नाही. तीन वर्षांची बहुतेक मुलं 'डब्यात' म्हणतात.

माझा ठाम विरोध. ही चाचणी भाषा मोजते, समज नाही. 1991 मध्ये सीगल आणि बीटी यांनी 'आधी कुठे शोधेल?' असं विचारलं, तर तीन वर्षांची कितीतरी जास्त मुलं बरोबर निघाली. 2005 मध्ये ओनिशी आणि बायार्जों यांनी तर 15 महिन्यांच्या बाळांना एकही प्रश्न विचारला नाही. खेळण्यातली कलिंगडाची फोड बाईच्या नकळत दुसऱ्या खोक्यात गेली, तरी बाईनं हात नेमका तिथेच घातला की बाळं चकित झाल्यासारखी जास्त वेळ बघत राहायची. समज आधीपासून असते, तोंडाने सांगणं उशिरा जमतं.

वाशी सेक्टर 17
साफ असहमत. प्रश्न कळला नसता तर मुलांनी अंदाजपंचे उत्तरं दिली असती, निम्मी बरोबर आली असती. अडीच-तीन वर्षांची मुलं तशी चुकत नाहीत. ती ठरवून 'डब्यात' म्हणतात, कारण गोटी खरोखर तिथे आहे आणि जे आपल्याला माहीत ते मनीलाही माहीत असणार, असं ती धरून चालतात. 2001 मध्ये वेलमन आणि सहकाऱ्यांनी 178 अभ्यास एकत्र तपासले. निम्मी उत्तरं बरोबर येण्याचा टप्पा साधारण 3 वर्षं 8 महिन्यांचा निघाला. प्रश्न सोपा केला की सगळ्याच वयांचे गुण थोडे वाढतात, पण वयाबरोबरची चढण तशीच राहते. आणि बाळांच्या नजरेवरच्या प्रयोगांचं म्हणाल, तर त्यांतले बरेच पुढे दुसऱ्या प्रयोगशाळांत पुन्हा जमले नाहीत. त्यांच्यावर एवढी इमारत कशाला?

कोपरी पूर्व
वाद चालू द्या, पण चाचणी घेतली जाते ती पद्धतच बघवत नाही. मुख्य प्रश्नानंतर आणखी दोन विचारायचेच: 'गोटी पहिल्यांदा कुठे होती?' आणि 'आता कुठे आहे?' यांतलं एक जरी चुकलं तर ती फेरी बाद. तिथे आठवण कमी पडली, मनीचा काही संबंध नाही. जागा दोनच, म्हणजे एका फेरीत नशिबाने पास व्हायची शक्यता निम्मी. बाहुल्या आणि जागा बदलून चार फेऱ्या घ्या. चारही नशिबाने बरोबर येणं सोळात एक. सांगताना आपण डब्याकडे बघितलं की मूलही तिकडेच बोट दाखवतं, तेव्हा नजर मुलाच्या तोंडावर ठेवा.

दुसरा प्रकार, डब्यात भलतंच निघण्याचा, आपल्याकडे हमखास फसतो. श्रीखंडाच्या डब्यात पेन्सिली दाखवून 'बाहेरच्या मित्राला यात काय वाटेल?' असं विचारतात. अहो, आपल्या फ्रिजमधल्या श्रीखंडाच्या डब्यात श्रीखंड असतं कधी? इडलीचं पीठ नाहीतर कालची उसळ! उघडण्याआधी 'यात काय असेल?' विचारा. मूल 'श्रीखंड' म्हणालं नाही, तर पुढची चाचणी फुकट. बिस्किटाचा बंद पुडा बरा.

चरईकर
कोपरी, म्हणजे एका मुलामागे वीस मिनिटं. प्रवेशाच्या दिवशी, अनोळखी बाईंसमोर, आई दाराबाहेर. कोण घेणार अशी चाचणी?

वाशी सेक्टर 17
प्रवेशासाठी घ्या असं मी म्हटलेलंच नाही. चाचणी खोटी नाही एवढंच म्हणणं आहे. 1985 च्या अभ्यासात स्वमग्न 20 मुलांपैकी 16 चुकली, आणि डाउन सिंड्रोमची बहुतेक बरोबर आली. नुसती भाषा किंवा बुद्धी मोजली जात असती तर असं झालं नसतं. पण म्हणून एक चाचणी चुकली की स्वमग्नता, असं कुणी पालकांना सांगू नये, हेही तितकंच खरं.

कळवा नाका
भाषेचा मुद्दा इतका सहज सोडू नका. ऐकू येणाऱ्या आईवडिलांची कर्णबधिर मुलं या चाचणीत मागे राहतात. आईवडीलही कर्णबधिर असून घरात पहिल्यापासून खुणांची भाषा असली की राहत नाहीत. घरात 'तिला वाटलं', 'त्याला माहीत नव्हतं' हे बोलणं किती चालतं, त्यावर बरंच अवलंबून आहे. वर्गात गोष्ट सांगताना मध्येच थांबून 'सशाला हे माहीत आहे का?' विचारा. चाचणीपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

कोपरी पूर्व
आता वयाचं बघा. छोट्या शिशूला 31 डिसेंबरपर्यंत 4 पूर्ण हवीत, म्हणजे जूनमध्ये वर्गात साडेतीनपासून जवळपास साडेचारपर्यंतची मुलं. वर सांगितलेला 3 वर्षं 8 महिन्यांचा टप्पा याच पट्ट्यात येतो. जानेवारीतलं मूल पास, डिसेंबरमधलं नापास. जन्मदाखल्यावर जे लिहिलेलंच आहे, ते बाहुल्या मांडून कशाला शोधायचं?

वाशी सेक्टर 17
हे मान्य. वयाचं कोष्टक न लावता गुण दिले तर ती चाचणी प्रवेशाला कुचकामीच. वर्षभराने, त्याच मुलाची, त्याच बाईंनी पुन्हा घेतलेली असेल तरच मी बघेन.